गाडी मुक्कामाला कुठे असते?

मस्कतला पंचवीस वर्षं मेकॅनिक होतो असं सांगितलं की समोरचा माणूस पहिल्यांदा उन्हाबद्दल हळहळतो. "काय भाजून निघाला असाल हो!" मी मान डोलावतो. खरंच आहे ते. घालाच्या गॅरेजमध्ये जूनच्या दुपारी उघड्यावर राहिलेला पाना उचलला तर तळहाताला चटका बसून फोड यायचा. पण माझ्या हातून नोकरीत जी सर्वांत मोठी चूक झाली ती उघडी पाडली थंडीने, आणि तीसुद्धा ओमानमध्येच. हे बोललो की लोक एकमेकांकडे बघतात. मिस्त्री आता म्हातारपणी फेकायला लागले असं त्यांना वाटतं. म्हणून यंदा ठरवलं की एकदा सगळं नीट लिहूनच काढायचं.

मी लांज्याकडचा. कुर्ल्याच्या एका गॅरेजात हात काळे करून नव्वदीच्या सुरुवातीला घालाला आलो. घाला म्हणजे मस्कतच्या कडेची औद्योगिक वस्ती. पत्र्याच्या शेड, ओळीने गॅरेजं, स्पेअर पार्टची दुकानं. आमचा ओमानी मालक, म्हणजे अर्बाब, सकाळी एकदा येऊन कॉफी पिऊन जायचा. बाकी सगळं राज्य फोरमन हुसेनभाईंचं. हुसेनभाई म्हसळ्याचे, माझ्याआधी पंधरा वर्षं तिथे आलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दत्ता, मुंबईत काय शिकलास ते विसर. इथे इंजिनाचा दुश्मन एकच. गर्मी. तिच्या मागे हात धुऊन लागायचं, बाकी सब खलास."

या लढाईत आमचं ठरलेलं पहिलं काम होतं वॉल काढायचं. इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमधून पाणी फिरतं हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्या पाण्याच्या वाटेवर एक छोटी पितळी झडप असते. पुस्तकात तिला थर्मोस्टॅट म्हणतात, आम्ही नुसतं 'वॉल' म्हणायचो. इंजिन गार असेपर्यंत वॉल बंद राहतो, म्हणजे इंजिन लवकर तापून कामाच्या गरमीला येतं. मग वॉल उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागतं. आमचं म्हणणं असं की जिथे बोनेटवर पापड भाजून निघेल तिथे इंजिन लवकर तापवायची गरजच काय? काढा तो वॉल, पाणी मोकळं फिरू दे. काढलेले वॉल एका दुधाच्या पावडरीच्या डब्यात टाकायचो. माझा डबा दोन वर्षांत भरला. हुसेनभाई तो आलेल्या-गेलेल्याला कौतुकाने दाखवायचे.

वॉलच्या जोडीला आणखी उद्योग असायचे. गाडीतल्या हीटरचा पाइप गळत असला तर दुरुस्त न करता दोन्ही टोकं एकमेकांना जोडून टाकायची. हीटर इथे लावणार कोण? रेडिएटरमध्ये नळाचं पाणी. इंजिनात पन्नास नंबरचं जाड ऑइल, उन्हात पातळ होऊन वाहून जाऊ नये म्हणून.

मस्कतच्या रुवी भागातल्या एका कचेरीतले पुण्याचे साहेब होते. जानेवारीत ते कानटोपी घालून गॅरेजात आले आणि म्हणाले, "अहो, सकाळी गाडी तापायला फार वेळ घेते आणि हीटरही लागत नाही." बाहेर हवा अशी की मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होतो. हुसेनभाई गाडीखाली झोपले होते ते तिथूनच हसले. मी म्हणालो, "साहेब, इथे लोक गार व्हायला पैसे मोजतात." साहेब ओशाळून गेले. त्यांच्या गाडीचा वॉल मीच काढला होता. त्यांची तक्रार शंभर टक्के बरोबर होती हे मला कळायला पुढे वर्ष लागलं.

खल्फान नावाचा एक तरुण ओमानी मस्कतमध्ये ड्रायव्हर होता. मूळचा जबल अखदरचा. निजवा शहराच्या पलीकडे हा उंच डोंगर आहे. वर सपाट पठार, कडेला उतरत्या वाफ्यांत डाळिंबं आणि गुलाब. तेव्हा वर जायला कच्चा रस्ता होता आणि खालच्या चौकीवर फोर-व्हील गाडी असेल तरच सोडत. खल्फानने जुनी डिझेल पिकअप घेतली होती आणि जुलैत ती चढावर उकळली म्हणून माझ्याकडे आणली. मी माझी सगळी हुशारी तिच्यावर खर्च केली. वॉल काढला, हीटरचा गळका पाइप तोडून टोकं जोडली, जाड ऑइल ओतलं. हीटर प्लग तपासले तर चारही मेलेले. डिझेल गाडीत ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते आणि त्यावर डिझेल पेटतं. हवा फार गार असेल तर तापायला मदत म्हणून हे प्लग असतात. मी ते तसेच ठेवले. ओमानमध्ये हवा गार कधी असते?

गाडी सरसर डोंगर चढली. खल्फान परत येऊन मला मिठी मारून गेला. "मुहंदिस!" म्हणाला, म्हणजे इंजिनिअर. मी आठवडाभर छाती काढून फिरत होतो. खल्फानने जाताना सांगितलं होतं की घर वर पठारावर आहे आणि हिवाळ्यात तिथे फार 'बर्द' असते. बर्द म्हणजे थंडी. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी गॅरेजात फोन वाजला. खल्फान होता. हिंदी आमच्या गॅरेजातच शिकलेला. "मुहंदिस," तो म्हणाला, "गाडी में पानी पत्थर हो गया."

मी हसलो. हुसेनभाईंना सांगितलं तर तेही हसले. पलीकडून खल्फान हसत नव्हता. त्याने जे सांगितलं ते असं. त्याच्या वडिलांच्या किडन्या उन्हाळ्यानंतर गेल्या. शनिवार, सोमवार, बुधवार, आठवड्यातून तीन दिवस त्यांना खाली निजव्याच्या हॉस्पिटलात डायलिसिसला न्यावं लागे. त्यासाठी खल्फान नोकरी सोडून घरी गेला होता. पहाटे पाचला निघायचं, सातला मशीनला लागायचं. सोमवारी पहाटे गाडी फिरेचना. शेजाऱ्यांनी उतारावर ढकलून चालू केली. दोन-अडीच मैल गेले आणि गाडीतून वाफ. बाहेर बर्फाळ वारा आणि इंजिन उकळतंय! रेडिएटरच्या खालच्या भागात पाण्याचा बर्फ झाला होता, पाण्याची वाट बंद आणि इंजिन आपल्याच गरमीने तापत गेलेलं. पाइप फुटला. दुसरी गाडी मिळेपर्यंत सूर्य माथ्यावर आला आणि त्या दिवसाची पाळी गेली. संध्याकाळपासून म्हाताऱ्याला श्वास घेता येईना. मंगळवारी सकाळी दुसऱ्याच्या गाडीतून खाली नेलं तेव्हा छातीत पाणी साचलेलं होतं. आता हॉस्पिटलात होते.

फोन ठेवला. मी काय काय काढलं ते एकेक आठवलं. थंडीशी लढायला त्या गाडीत कंपनीने जे जे दिलं होतं, ते मी माझ्या हाताने, हौसेने काढून घेतलं होतं.

हुसेनभाई म्हणाले, "तुझा काय कसूर? ओमानमध्ये बर्फ पडतो हे कोणाला माहीत?" त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं, पण मला ते पटलं नाही. खल्फानने मला सांगितलं होतं.

आता प्रश्न असा की थंडीतली गाडी तयार कशी करतात हे मला माहीत नव्हतं. लांजा, कुर्ला, घाला, यांतल्या कुठल्या गावाने मला हे शिकवलं असतं? तेव्हा आठवले मेजर.

मेजर रुवीत एका कचेरीवर सिक्युरिटीला होते आणि आमच्या मेसमध्ये जेवायचे. हुद्द्याने हवालदार, पण साताऱ्याकडे रिटायर फौजीला मेजरच म्हणतात. फौजेत ते गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते आणि कितीतरी हिवाळे लेहला काढलेले. पंचेचाळीस डिग्रीत घामाघूम होऊन जेवताना ते लेहच्या थंडीच्या गोष्टी सांगत. आम्ही सगळे त्यांना विटलो होतो. ते "एकदा लेहला" असं म्हणाले की कोणीतरी ताट उचलून उठायचंच. त्या संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी वही घेऊन बसलो.

त्यांनी घास थांबवून माझी उलटतपासणी घेतली.

"पाणी कसलं भरलंवतंस?"

"नळाचं."

"नुस्तं?"

"नुसतं."

"आन् ऑइल?"

"पन्नास नंबर."

"हीटर प्लग?"

"मेलेले होते. तसेच ठेवले."

"वॉल?"

"काढला," मी म्हणालो. मेजरनी चपाती ताटात ठेवली. "आरं लेका, म्हंजी तू माणसाचं कपडं काढून घेतलंस, वरनं पाणी वतलंस, आन् हिवात नेऊन हुबा केलास की त्याला!"

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी लिहू लागलो. पाण्यात निम्मं औषध, म्हणजे कूलंट. पातळ ऑइल. रात्री बॅटरी काढून घरात न्यायची, गारठ्यात तिचा जीव निम्मा होतो. रेडिएटरसमोर निम्म्यापर्यंत पुठ्ठा बांधायचा. हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, तो ओला होऊन गोठतो. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा. तोंड पूर्वेला, म्हणजे पहिलं ऊन बोनेटवर. "आन् चालू झाली की लगीच पळवायची न्हाई. पाच मिण्टं थांबायचं. गाडीला जागी तर होऊ दे."

वॉल मात्र हवा होता. मी गॅरेजातून डबा घेऊनच आलो होतो. त्या गाडीचा कुठला हे ओळखायला फारसा त्रास झाला नाही, त्या मापाचे दोनच निघाले. चालतो का हे बघायची रीत सोपी आहे. दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायचा आणि पाणी तापवायचं. मेसच्या चहाच्या टोपात आम्ही वॉल लटकवला. आचाऱ्याने शिव्या घातल्या. पाण्याला बुडबुडे धरले तसा पितळी डोळा हळूच उघडला. मेजर म्हणाले, "चांगला हाय की. तुला उगंच नको झालावता."

बुधवारी सकाळी अर्बाबला सगळं सांगितलं. त्याने कॉफीचा कप खाली ठेवला, आपल्या गाडीची चावी दिली आणि रविवारपर्यंत सुट्टी. सामान घालातच मिळालं. जुना पण धड रेडिएटर, चार हीटर प्लग, पाइप, ऑइल, बॅटरी. प्लग देताना दुकानातल्या मलबारी माणसाने खोक्यावरची धूळ फुंकली. कूलंटचा डबा मी पहिल्यांदाच नीट वाचला. उकळण्यापासून संरक्षण, आणि त्याच ओळीत पुढे, गोठण्यापासून संरक्षण. इतकी वर्षं आम्ही त्याला महागडं पाणी म्हणून नावं ठेवत होतो.

निजव्याला हॉस्पिटलात गेलो. खल्फानचे वडील सालिम, त्यांना सगळे शायबा म्हणत, म्हणजे म्हातारबाबा. खाटेवर उशांना टेकून बसले होते. सडपातळ, पांढरी दाढी, नाकाला ऑक्सिजनची नळी. डोळे मात्र तेज. माझी अरबी गॅरेजातली. ब्रेक, क्लच, उद्या ये, एवढीच. चूक कबूल करायचे शब्द त्यात नव्हते. मी खल्फानला म्हटलं, "उनको बोलो, गाडी खराब नहीं थी. मैंने खराब किया." आणि काय काय काढलं तेही सांगितलं.

खल्फानने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर राग स्पष्ट होता आणि मला तो रास्त वाटला. मग त्याने वडिलांना सांगितलं. शायबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मला दोनच शब्द विचारले.

"मता जाहिज?"

तयार कधी होईल? हे दोन शब्द मला अरबीत सर्वांत चांगले समजत. दिवसातून पन्नास वेळा कानावर पडायचे. मी म्हणालो, "शनिवारी पहाटे पाचला. इन्शाल्ला."

शायबा काहीतरी बोलले आणि खल्फान इतक्या रागातही हसला. "पूछता है, ये गॅरेजवाला इन्शाल्ला है या असली?"

"असली," मी म्हणालो.

अर्बाबची गाडी फोर-व्हील नव्हती, ती खाली ठेवली आणि गुरुवारी खल्फानबरोबर त्याच्या एका नातेवाइकाच्या गाडीतून वर गेलो. गाडी त्याच्या घरासमोर उघड्या पठारावर ओढून आणलेली. वारा असा की डोळ्यांतून पाणी यायचं आणि गालावर गार व्हायचं. मी दोन पॅंट, तीन शर्ट आणि मेजरची फौजेतली कानटोपी घालून काम करत होतो. पुण्याच्या साहेबांची त्या दोन दिवसांत मी कितीदा मनात माफी मागितली असेल! बोटं वाकत नव्हती. एक नट घट्ट करायचा, शेगडीवर हात धरायचे, पुन्हा दुसरा. शेगडी खल्फानच्या आईने पाठवली होती, आणि तासातासाला कॉफी आणि खजूर. जुना रेडिएटर काढला तेव्हा त्याच्या नळ्या खालून उभ्या चिरलेल्या होत्या. पाणी गोठून फुगलं आणि तांबं फाडून बाहेर आलं. त्या चिरांवरून मी बोट फिरवलं. मग उठलो आणि आणलेला धड रेडिएटर लावला.

जाड ऑइल काढायचं म्हटलं तर निघेना. खालचा बोल्ट काढला तरी धार नाही, गुळाच्या पाकासारखं लोंबत राहिलं. शेवटी भांड्यात निखारे घालून इंजिनाखाली जरा अंतरावर ठेवले, तेव्हा हललं. शुक्रवारी दुपारी वॉल बसवला. त्या एवढ्याशा झडपेचे दोन बोल्ट आवळताना मी जितका जपलो तितका कधी कुठल्या इंजिनाला जपलो नसेन. मग पाइप बदलून हीटर परत जोडला, नवे प्लग घातले, पाण्यात निम्मं औषध मिसळून भरलं.

संध्याकाळी त्याच नातेवाइकाने शायबांना घरी आणून सोडलं आणि तो गाडी घेऊन परत गेला. डॉक्टर म्हणत होते की हिवाळाभर खाली निजव्यालाच राहा. शायबांनी नाही म्हटलं. मला ते पटेना. मी खल्फानमार्फत विचारलं, राहत का नाही? त्यांनी खिडकीबाहेर वाफ्यांकडे हात केला. "आठवड्याचे तीन दिवस मशीनचे. उरलेले चार माझे आहेत. ते मी इथेच घालवणार." एवढं बोलूनही त्यांना धाप लागली.

बॅटरी रात्री घरात न्यायची हे सांगितलं तेव्हा ती ठेवायची कुठे असा प्रश्न आला. सर्वांत उबदार खोली शायबांची. पोत्यावर, त्यांच्या गादीशेजारी ठेवली. शायबांनी तिच्यावर आपल्या घोंगडीचं टोक ओढलं आणि बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दुसरी बायको." आतून बांगड्यांचा आवाज आला आणि काहीतरी झणझणीत उत्तर. त्या दोन दिवसांत मी पहिल्यांदा मोकळा हसलो.

शनिवारी साडेचारला उठलो. गाडीच्या काचेवर पांढरा थर. पाण्याच्या बादलीवर पापुद्रा, बोट मारलं तर कड्कन मोडला. बॅटरी जोडली. खल्फान स्टिअरिंगवर बसला. प्लग तापायला चावी फिरवून वीस अंक मोजायचे, मग स्टार्टर. शायबा घोंगडी लपेटून दारात उभे होते आणि तेच मोठ्याने मोजू लागले. वाहद, थ्नेन, थलाथा. वीस झाले. खल्फानने चावी फिरवली. इंजिन फिरलं, खोकलं आणि बंद पडलं.

मी बॅटरीची टोकं पुन्हा आवळली. आज ही पाळी चुकली तर हा माणूस जगणार नाही, हे त्या अंगणात सगळ्यांना माहीत होतं. मी म्हणालो, "फिर से. पूरा बीस." शायबांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. त्याच संथ आवाजात, एकही अंक न गाळता. वीस. खल्फानने चावी फिरवली, धुराचा एक ढग निघाला आणि इंजिन धडधडायला लागलं. खल्फान अॅक्सिलरेटरवरचा पाय काढेना. मी ओरडलो, "पाच मिनिट! पाच मिनिट रुको!"

पाच मिनिटांनी शायबांना पुढच्या सीटवर बसवलं, मी मागच्या सीटवर बसलो. इंजिनाची गरमी दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होतो. काटा सावकाश मधोमध आला आणि तिथेच थांबला. मी पुढे वाकून हीटरची कळ फिरवली. शायबांनी जाळीसमोर हात धरले, दोन्ही बाजू शेकल्या आणि मागे वळून मला विचारलं, "जुलैमध्ये तू हेच काढून टाकलं होतंस?"

"हो."

म्हातारा इतका हसला की खल्फानने गाडी हळू केली. उतारावर सावलीतल्या वळणांवर झऱ्याचं पाणी गोठून काच झालेली. तिथे ब्रेकला पाय लावायचा नाही, पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर उतरायचं, हेही मेजरनीच सांगितलेलं. सातला दहा मिनिटं कमी असताना शायबा मशीनला लागले.

त्यानंतर सात हिवाळे मी दर डिसेंबरात वर गेलो. दोन दिवस राहायचो, पाइप, प्लग, औषध, ऑइल सगळं तपासायचो, आणि येताना गुलाबपाण्याची बाटली मिळायची. त्या सात हिवाळ्यांत थंडीमुळे एकही पाळी चुकली नाही. हे मी अभिमानाने लिहितो. पण त्या एका सोमवाराने शायबांचं हृदय कमजोर झालं ते झालंच. वरच्या वाफ्यातल्या गुलाबांपर्यंत त्यांना पुन्हा चालता आलं नाही. ते माझ्यासमोर कधी त्याबद्दल बोलले नाहीत. मी मात्र दर वर्षी ती पायवाट बघायचो आणि मला वाईट वाटायचं, अजून वाटतं.

गॅरेजात मी एक नवी पद्धत पाडली. गाडी आली की बोनेट उघडण्याआधी विचारायचं, "गाडी मुक्कामाला कुठे असते?" सुरुवातीला हुसेनभाई चिडवायचे, "दत्ता आता गाडीचं लग्न जमवणार, घरदार विचारतोय." पुढे तेही विचारू लागले. डब्यात नवे वॉल पडायचे बंद झाले. पुण्याच्या साहेबांना मी बोलावून त्यांचा वॉल बसवून दिला. ते म्हणाले, "मी तेव्हाच म्हणत होतो." मी म्हणालो, "हो साहेब."

शायबा एका मे महिन्यात गेले, गुलाबाचा हंगाम संपताना. बुधवारी मशीनवरून घरी आले, जेवले आणि आपल्या गादीवर झोपले ते उठले नाहीत. खल्फानने फोनवर सांगितलं. त्या डिसेंबरात जावं की नाही मला कळेना. आता काम काय होतं? डोंगरावर पक्का रस्ता येत होता, खल्फानला पुन्हा नोकरीही लागली होती, खालीच, निजव्यात. मी फोन केला नाही. मग त्याचाच फोन आला. "मुहंदिस, डिसेंबर."

गेलो. बॅटरी शायबांच्या खोलीत होती, त्याच पोत्यावर, आणि वर त्यांच्या घोंगडीचं टोक. खल्फानच म्हणाला की शनिवार, सोमवार, बुधवार अजून साडेचारला डोळा उघडतो. उठतो, गाडी चालू करतो, पाच मिनिटं थांबतो आणि बंद करतो.

मी दोन दिवस नेहमीचं सगळं काम केलं. काहीही वगळलं नाही. वॉलसुद्धा काढून, शेगडीवर टोप ठेवून, पाण्यात उघडतो का ते पाहिलं.

शनिवारी पहाटे काचेवर पांढरा थर होता. बॅटरी जोडली. खल्फानने चावी अर्धी फिरवली आणि मोठ्याने मोजू लागला, बापासारखं संथ, एकही अंक न गाळता. वीस झाले आणि इंजिन पहिल्याच फटक्यात लागलं. आम्ही दोघं अंगणात उभे राहिलो. पाच मिनिटं झाली. खल्फान घड्याळाकडे बघत होता. मग तो गाडीला वळसा घालून गेला, पलीकडचं दार उघडलं आणि दार धरून मला म्हणाला, "बैठो."

मी शायबांच्या सीटवर बसलो. तो गाडी फाटकाबाहेर काढून उताराला लागला. काटा मधोमध येऊन थांबला. मी हीटरची कळ फिरवली आणि जाळीसमोर हात धरले. हवा गरम होती.